गारेगार: मिठाच्या पाण्यातून घरच्या फ्रीजरमध्ये

सातारा-सांगलीकडं भर दुपारी रस्त्यावरून 'गारेऽगार' अशी आरोळी यायची. पुढं त्या आरोळीचंच वस्तूला नाव पडलं. काडीवर धरलेला रंगीत, गोड बर्फ म्हणजे गारेगार, कुणाच्या तोंडी गारीगार. आता तो घरोघरी होतो, पण तक्रार सगळीकडं एकच असते: दगडासारखा कडक होतो, चार वेळा चोखला की रंग आणि गोडी निघून जाते, हातात पांढरा बर्फ उरतो. याचं कारण समजायचं तर गारेगार कारखान्यातून घरात येताना काय बदललं ते बघावं लागतं.

उन्हाळ्यात पेय गार करायची युक्ती आपल्याकडं जुनी आहे. आईन-ए-अकबरीत तिचं प्रमाणासकट वर्णन सापडतं: पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार, टाकायचा आणि त्यात पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. शोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि सुरईतलं पाणी गार होतं. गोठत मात्र नाही. गोठवायला बर्फ आणि मीठ एकत्र यावे लागतात. मीठ लागलं की बर्फ वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या वस्तूतून खेचतो. वजनानं तीन भाग बारीक बर्फाला एक भाग खडेमीठ घेतलं, तर मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. मडक्यातली कुल्फी याच हिशेबावर धरते. कुल्फीच्या साच्याच्या झाकणाला कणीक लावतात तीही त्यासाठीच. सांध्यातून मडक्यातलं खारं पाणी आत गेलं, तर कुल्फी खारट तर होतेच, शिवाय नीट धरतही नाही.

प्रश्न होता बर्फाचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ जहाजानं कलकत्त्याला आला आणि नंतर मुंबईलाही येऊ लागला. पण तो बड्या लोकांच्या टेबलापुरता. यंत्रावर बर्फ होऊ लागल्यावरच तो सामान्यांपर्यंत पोचला. काडीची कल्पना त्यानंतरची. १९०५ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रँक एपर्सन या ११ वर्षांच्या मुलानं सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर थंडीत ठेवला आणि सकाळी तो गोठलेला सापडला, अशी हकीकत त्यानंच पुढं सांगितली. त्याचं पेटंट त्याला १९२४ साली मिळालं.

आपल्या भागात गारेगार गावोगाव पोचायला विजेची गरज होती. पाटण तालुक्यातल्या कोयना प्रकल्पातून १९६२ पासून वीज मिळू लागली आणि पुढच्या वर्षांत तारा खेड्यांकडं सरकल्या. बर्फाचा कारखाना तालुक्याच्या गावी निघाला की सकाळी सायकलवाले तिथून पेट्या भरून घेत आणि दुपारपर्यंत वाड्या-वस्त्या पालथ्या घालत. पेटी लाकडी, आतून पत्र्याची. पैसे नसतील तर मूठभर जोंधळे किंवा मोडकं लोखंड देऊनही गारेगार मिळे. चैत्रातल्या शिखर शिंगणापूरच्या यात्रेसारख्या ठिकाणी, माण तालुक्यातल्या उन्हात, त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

कारखान्यात गारेगार कसा होई हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या टाकीत मिठाचं पाणी असतं. अमोनियाच्या नळ्यांनी ते शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंत गार करतात. मिठामुळं ते गोठत नाही, पातळच राहतं. त्यात पत्र्याचे साचे ओळीनं बुडवतात. पत्रा आणि थंड पाणी चहूबाजूंनी उष्णता खेचतात, त्यामुळं कांडी साधारण अर्ध्या तासात धरते. झटपट गोठल्यामुळं बर्फाचे कण बारीक राहतात.

घरच्या फ्रीजरमध्ये हे काम हवा करते, आणि हवा उष्णता फार सावकाश नेते. त्याच कांडीला पाच ते आठ तास लागतात. पाणी गोठताना शुद्ध बर्फ होतं आणि साखर, रंग, आंबटपणा यांना बाजूला सारतं. सावकाश गोठलं की कण मोठे होतात आणि त्यांच्या फटींत गोड पाक साचतो. चोखल्यावर तो पाक आधी निघून येतो. पांढरा बर्फ उरतो तो असा.

दुसरं कारण साखरेचं. स्वस्त गारेगारात साखरेऐवजी सॅकरीन घालायची पद्धत होती. त्यानं गोडी येते, पण ते चिमूटभरच लागतं, त्यामुळं बर्फ मऊ राहत नाही. साखर मात्र पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते आणि कांडी दातानं तुटेल इतकी ठेवते. पिण्याच्या सरबताला लिटरमागं १०० ते १२० ग्रॅम साखर पुरते, कांडीच्या तयार मिश्रणाला १६० ते १९० ग्रॅम लागते. गार जिभेला गोडी कमी कळते, म्हणून मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड लागायला हवं. २५० ग्रॅमच्या वर गेलात तर कांडी काडीवरून घसरते.

आता घरची रीत. उकडलेल्या कैरीचा गर २५० ग्रॅम, गूळ १८० ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी ५०० मिली, मीठ पाव चमचा, वेलची. गोठल्यानं पाण्यातले जंतू मरत नाहीत, म्हणून पाणी उकळलेलंच घ्या. मिश्रण गाळून आधी दोन तास फ्रीजमध्ये गार करा. साचा नसेल तर स्टीलचे छोटे पेले उत्तम, प्लास्टिकपेक्षा लवकर धरतात. गोठताना पाणी फुगतं, म्हणून वर अर्धं बोट जागा सोडा. दीड-दोन तासांनी कडेला बर्फ धरला की चमच्यानं एकदा ढवळा. मोठे कण मोडतात. मग काडी रोवा, आता ती सरळ उभी राहते.

कोकमाच्या बाबतीत बरेच जण फसतात. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं, आणि ते बर्फाला इथंही धरू देत नाही. त्याऐवजी साखरेतलं अमृत कोकम एक भाग आणि पाणी तीन भाग घ्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असेल तर २५० ग्रॅम फळाला ८५ ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, एक चमचा लिंबाचा रस. तासगावकडच्या पिकलेल्या द्राक्षांच्या रसाला साखर लागतच नाही. उसाच्या रसालाही नाही, पण तो हवेनं काळा पडतो, म्हणून लिटरला एका लिंबाचा रस पिळून लगेच फ्रीजरमध्ये टाका. गर जास्त असलेल्या फळांची कांडी नेहमी मऊ होते, कारण गर बर्फाच्या कणांना वाढू देत नाही.

प्लास्टिकच्या नळीतली 'पेप्सी' हे याच घराण्यातलं धाकटं भावंड. १९५८ साली गोदरेजनं देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली. पुढं तो गावच्या घरांत पोचला, तेव्हा नळ्या भरून, मेणबत्तीवर तोंड चिकटवून घरूनच विक्री सुरू झाली. तिथं काडी नसते, पण साखरेचा हिशेब तोच.

कांडी काढताना गरम पाणी वापरू नका, वरचा थर वितळून गोडी वाहून जाते. नळाच्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद साचा धरा आणि काडी न पिळता सरळ ओढा. वीज बराच वेळ गेली आणि कांड्या सैल पडल्या, तर त्या तशाच पुन्हा गोठू देऊ नका. पाक तळाशी उतरतो आणि टोक सोडून सगळा नुसता बर्फ होतो. अजून गार असतानाच पूर्ण वितळवून, ढवळून, पुन्हा साच्यात ओता.