पावसाळ्यात इंकजेट प्रिंटरची शाई गोठते?

रत्नागिरी-मालवणकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत हमखास ऐकू येतं: दमट हवेनं कार्ट्रिजची शाई गोठते. उलट आहे. नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, तुंबतं ते शाईतलं पाणी उडून गेल्यानं, आणि दमट हवेत ती उशिराच सुकते. पावसात बिघडतो कागद. ओल धरतो, वाकतो, अक्षरं पसरतात. रीम प्लास्टिकमध्ये बंद ठेवा.

खरा घात होतो छपाई चालू असताना वीज गेल्यावर (कोकणात हे काय नवीन?). हेड, म्हणजे नोझल असलेला भाग, झाकणाऱ्या रबरी टोपीवर परतत नाही, उघडंच सुकतं. तुंबलंच तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड नोझलवर दोनेक मिनिटं टेकवा. रिकाम्या कार्ट्रिजवर प्रिंटरचं क्लीनिंग (शाई ढकलून नोझल साफ करणं) मारत बसू नका: थर्मल हेडमधला हीटर काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांच्या आसपास तापतो, वाफेचा बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो. शाई नसेल तर हीटरच जळतो.