यीस्टनं अर्ध्यावर सोडलेली वाइन

सायप्रस बेटावर, लिमासोल शहराच्या उत्तरेला ट्रूडोस पर्वताच्या दक्षिण उतारावर चौदा गावं अशी आहेत, जिथं द्राक्षवेलीला पाणी देणं नियमात बसत नाही. दिलंच तर कोणी तुरुंगात टाकणार नाही, पण त्या द्राक्षांच्या वाइनला ‘कमांडरिया’ हे नाव लावता येणार नाही. वेल किमान चार वर्षांची हवी, मांडवावर किंवा तारेवर न चढवता झुडपासारखी बुटकी ठेवलेली हवी, आणि पाणी फक्त पावसाचं. तो पाऊसही पडतो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडाच जातो. या कोरडेपणावरच इथली सगळी वाइन उभी आहे.

कमांडरियासाठी दोनच जाती चालतात : काळी माव्रो आणि पांढरी झिनिस्तेरी. दोन्ही पूर्ण पिकवून, थोडी जास्तच पिकवून तोडतात आणि घड उघड्यावर पसरून साधारण आठवडा-दहा दिवस वाळवतात. आपल्याकडे तासगावचा बेदाणा शेडमध्ये, सावलीत वाळतो, कारण बाजाराला हिरवा रंग हवा असतो. इथं उलटं. ऊन थेट अंगावर घ्यायचं, रंग तांबूस होऊ द्यायचा, कारण तोच रंग आणि तोच मनुकांचा वास पुढं वाइनमध्ये उतरायचा असतो. मात्र पूर्ण बेदाणा होऊ देत नाहीत. रस निघेल इतपत ओल ठेवावी लागते.

आता थोडा हिशेब. झिनिस्तेरी तोडताना लिटरभर रसात २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. यीस्ट ही साखर खाऊन तिचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणजे ताज्या रसाची सरळ १२ टक्क्यांची वाइन झाली असती, आणि गोडी संपली असती. वाळवल्यावर मात्र साखर लिटरमागे ४०० ग्रॅमच्या घरात जाते. कागदावर हे २३ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल झालं. प्रत्यक्षात गाडी १५ टक्क्यांच्या आसपास अडते आणि दीडशेएक ग्रॅम साखर तशीच मागं राहते. वरून साखर घातलेली नसते. यीस्टला संपवता न आलेली साखर, तीच कमांडरियाची गोडी.

का संपवता येत नाही? पहिला दिवसच यीस्टला जड जातो. इतक्या दाट रसात पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते थोपवण्यासाठी यीस्ट स्वतःच्या आत ग्लिसरॉल साठवतं, म्हणजे साखरेचा एक वाटा अल्कोहोलऐवजी तिकडं वळतो. ग्लिसरॉल चवीला किंचित गोड आणि गुळगुळीत. घोट जिभेवर जाडसर लागतो त्याला साखरेबरोबर तेही थोडं कारण आहे. पण ग्लिसरॉल बनवताना पेशीतलं रासायनिक गणित बिघडतं, ते सावरायला यीस्ट ॲसेटिक आम्लही सोडतं, तेच जे व्हिनेगरमध्ये असतं. त्यामुळं अशा गोड वाइनना आंबट बाजू थोडी जास्त असतेच. मला विचाराल तर नुसती गोड वाइन दुसऱ्या घोटाला नकोशी होते. आंबटाची ही टोचणी तिला वाचवते.

पुढं अल्कोहोल वाढत जातं तसं ते यीस्टच्याच पेशीपटलाला पोखरू लागतं. बाहेर साखर, आत विष, अशा कात्रीत यीस्ट हळूहळू थांबतं. त्यातही एक गंमत आहे. रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ सारखे असतात, पण यीस्ट ग्लुकोज आधी खातं. म्हणून शेवटी उरतो तो मुख्यतः फ्रुक्टोज, आणि दोघांत जास्त गोड तोच.

किण्वन संपलं की वाइन ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरते. आधी हे काम ‘पिथारी’ नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणांत व्हायचं. रांजण कधी पूर्ण रिकामा करत नसत. तळाशी उरलेल्या जुन्या वाइनवर नवी ओतायची, अशी पद्धत होती.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९१ मध्ये इथं उतरला, बेट जिंकलं आणि लिमासोलमध्ये लग्नही उरकलं. त्या मेजवानीत हीच वाइन होती असं हौसेनं सांगतात. पुढं कोलोस्सीच्या किल्ल्यात बसलेल्या धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवरून, म्हणजे ‘कमांडरी’वरून, तिला आजचं नाव पडलं. जाहिरातींत हे राजे आणि योद्धेच मिरवतात. यीस्टचं नाव कुठं दिसत नाही.

बेट असण्याचा खरा फायदा जमिनीखाली आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीनं युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून तिकडं युरोपीय वेल अमेरिकी खुंटावर कलम करूनच लावावी लागते. सायप्रसला समुद्रानं आणि बाहेरून येणाऱ्या रोपांवरच्या कडक बंदीनं वाचवलं. तिथली वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभी आहे.

धंद्याची गोष्ट इतकी गोड नाही. विसाव्या शतकात लिमासोलच्या चार मोठ्या कारखान्यांनी दर्जापेक्षा खप पाहिला. ब्रिटनला ‘सायप्रस शेरी’ नावाची वाइन जायची, पूर्व युरोपला स्वस्त घाऊक माल. मग शेरी हे नाव फक्त स्पेनच्या हेरेस भागाचं ठरलं, सोव्हिएत संघही कोसळला, आणि दोन्ही बाजारपेठा पाच-सहा वर्षांच्या अंतरानं गेल्या. कित्येक बागा अनुदान घेऊन उपटल्या गेल्या. त्याच सुमारास डोंगरातल्या गावांत लहान वायनरी उभ्या राहत होत्या. काही बागा तर १,४०० मीटर उंचीवर आहेत. या लोकांनी विस्मरणात गेलेल्या स्थानिक जाती पुन्हा लावल्या. मराथेफ्टिको ही त्यातली काळी जात भलती हट्टी. फुलं दिसायला उभयलिंगी, पण त्यांचे पराग निकामी, त्यामुळं शेजारी दुसऱ्या जातीचे वेल लावल्याशिवाय घड नीट भरत नाही.

झिनिस्तेरीचं नशीब मात्र दूर देशी उघडलंय. पाण्याची ओढ सोसणाऱ्या ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिची तुलना शिराझ आणि सोव्हिन्यों ब्लांक या द्राक्षजातींशी केली, तेव्हा कमी पाण्यात झिनिस्तेरीनं अधिक तग धरला. चौदा गावांतल्या शेतकऱ्यांनी तिला पाणी न देण्याचा प्रयोग कित्येक पिढ्या चालवलाच होता.