शेवटची गुच्छी आणि वरचं जंगल

हिमाचलात मार्च संपत आला की खालच्या उतारांवरचं बर्फ वितळतं आणि ओल्या मातीतून गुच्छी ही रानातली अळंबी डोकं वर काढते. बर्फ मागे हटेल तशी तीही वर चढत जाते. मे उजाडेपर्यंत गावाजवळचं रान धुंडाळून झालेलं असतं. पुढची गुच्छी हवी तर उंचावरच्या जंगलातच जावं लागतं. कुल्लूच्या तीर्थन आणि सैंज खोऱ्यांत वाद पेटला तो याच वरच्या जंगलावरून.

आपली अळंबी पावसात, वारुळाच्या आसपास उगवते. गुच्छीची टोपी मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, पण रंग कुजक्या पानांचाच. एक दिसली की माणूस तिथंच उकिडवा बसतो, कारण जवळपास आणखी असतात. हंगाम सरताना टोप्या ठिसूळ होतात, पोकळ देठात किडे शिरतात, म्हणून एकेक पारखून घ्यावी लागते. घरी ती दोऱ्यात ओवून सुकवतात. दहा किलो ताजीची जेमतेम किलोभर उरते. सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयाला ती लागवडीत उगवता आली थेट २०२१ मध्ये. तोवर भारतातली सगळी गुच्छी रानातलीच होती. म्हणूनच सुकीचा भाव किलोला हजारोंत आणि युरोपपर्यंत मागणी. डोंगरातल्या कुटुंबाला रोख पैसा देणारं दुसरं फारसं काही नव्हतं.

कुल्लूच्या जंगलावर कोणाचा कोणता हक्क, हे इंग्रज अधिकारी अँडरसन यांनी १८८६ च्या बंदोबस्तात, म्हणजे जंगलहक्कांच्या सरकारी नोंदणीत, लिहून ठेवलं. पुढे याच वरच्या जंगलासाठी १९८४ मध्ये ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची पहिली अधिसूचना निघाली, १९९९ मध्ये अंतिम. पार्कच्या ७५४ चौरस किलोमीटरमधली चराई आणि वेचणी बंद झाली. वनखात्याची बाजूही खोटी नव्हती: दुर्मीळ जुजुराणा पक्षी गुच्छीच्या हंगामातच, याच जंगलात जमिनीलगत वावरतो, विणीला लागतो. माणसांची वर्दळ त्याला मानवत नाही.

मला खुपते ती भरपाईची रीत. शतकापूर्वीच्या त्या नोंदींत ज्यांच्या घराण्याचा हक्क होता, त्यांनाच पैसे मिळाले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचा हक्क कागदावर कधी चढलाच नव्हता. मे महिन्यात टोपली घेऊन सर्वांत वर चढायची गरज त्यांनाच जास्त होती.