वेबपेज सेव्ह करून ठेवणे

वेबपेज सेव्ह करून ठेवणे म्हणजे नेटवरचं कामाचं पान आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणं, म्हणजे पुढे नेट नसलं, साइट बंद पडली किंवा साइटवाल्यांनी ते पानच काढून टाकलं तरी आपल्याला ते उघडून वाचता येतं. पूर्वी बऱ्याच घरांत कात्रणवही असायची, पेपरातलं कापायचं, खळीने चिकटवायचं आणि कडेला पेनने तारीख टाकायची, तेच हे, फक्त कात्री नाही. बुकमार्क वेगळा. बुकमार्कमध्ये नुसता पत्ता राहतो, आणि ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको की पत्ता तोच असतो पण दोन वर्षांनी जाऊन बघावं तर बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असते.

वेबवर हे किती होतं त्याचा एक आकडा आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजून सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली लाखो पानं गेली असती, काही हौशी मंडळींनी धावपळ करून त्यातली बरीचशी उतरवून घेतली म्हणून आज निदान बघायला तरी मिळतात. 'नंतर वाचू' म्हणून लिंका साठवायची पॉकेट नावाची सेवा होती, ती मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे ज्यांनी तिथे ठेवून निश्चिंत झोप काढली त्यांची तिजोरीच उचलून नेली. इंटरनेट आर्काइव्ह (स्थापना १९९६) आणि त्यांचं २००१ मध्ये लोकांसाठी उघडलेलं वेबॅक मशीन आहेच, तिथे आपण स्वतः पण एखादं पान जमा करू शकतो, पण ते बघायलाही नेट लागतं आणि आपलं नेमकं पान तिथे असेलच असं नाही.

ठाणे-नवी मुंबईतली सवय

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, आणि सुरुवातीची बरीच वर्षं ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं, नेट लावलं की घरचा फोन एंगेज आणि मीटर पळतंय. त्यामुळे पान उघडायचं, पटकन सेव्ह करायचं, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं हे तेव्हा शहाणपण नव्हतं, गरज होती. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता ते ठाणे स्टेशनच्या आसपास नाहीतर वाशीत सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसायचे आणि फ्लॉपीवर पानं भरून आणायचे, फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावायचं म्हणून फोटो सोडून नुसता मजकूर घ्यायचा. मी स्वतः अशा दोन-तीन फ्लॉप्या खिशात घालून लोकलने घरी आणल्यात आणि त्यातली एक तरी घरी उघडायची नाही, हे ठरलेलं.

नंतर ब्रॉडबँड आलं तशी सवय सुटली. अधूनमधून आठवण होते ती लाइट गेल्यावर. २००५ नंतरच्या काही वर्षांत इकडे लोडशेडिंग होतं तेव्हा राउटर बंद पण लॅपटॉपची बॅटरी चालू अशी अवस्था रोजचीच होती, आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचीच लाइट गेली, त्यात ऑनलाइन शाळा आणि वर्क फ्रॉम होम चालू, तेव्हा ज्याच्याकडे फाइल उतरवलेली होती त्याचंच काम पुढे सरकलं.

आज हे सगळ्यात मनापासून करतात ते स्पर्धा परीक्षावाले. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, शिवाय गल्लोगल्ली अभ्यासिका, आणि अभ्यासिकेत मोबाइलचं नेट मुद्दाम बंद ठेवणारी मुलं असतात कारण चालू ठेवलं तर रील बघण्यात तास जातो. ही मुलं शासन निर्णय, योजनांची पानं, मराठी विश्वकोशातल्या नोंदी आधीच उतरवून ठेवतात. शासन निर्णयाच्या खाली एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष-महिना-दिवसच असतात, तर फाइलला तोच आकडा नाव म्हणून ठेवला की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतं. एवढी सोपी युक्ती पण निम्म्या लोकांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट एक, डॉक्युमेंट दोन, डॉक्युमेंट नवीन फायनल' असलीच नावं.

कसं करतात

सगळ्यात जुनी आणि सोपी रीत म्हणजे कंट्रोल आणि एस दाबणं. क्रोममध्ये खाली तीन पर्याय येतात. 'एचटीएमएल ओन्ली' (एचटीएमएल म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात ती) घेतलं तर मजकूर येतो, चित्रं येत नाहीत. 'कम्प्लीट' घेतलं तर एक एचटीएमएल फाइल आणि तिच्याच नावाचं, मागे 'फाइल्स' शब्द लावलेलं एक फोल्डर असं जोडपं तयार होतं, चित्रं आणि सजावट त्या फोल्डरमध्ये. विंडोजमध्ये हे जोडपं एकमेकांना बांधलेलं असतं, एक डिलीट केलं की दुसरं पण जातं, याने भले भले दचकतात. पण मेलला जोडताना किंवा व्हॉट्सॲपवर टाकताना मात्र नुसती एचटीएमएल फाइल जाते, फोल्डर मागेच, आणि समोरचा म्हणतो चित्रं कुठेत.

तिसरा पर्याय 'सिंगल फाइल', याची फाइल एमएचटीएमएल प्रकारची. मेलमध्ये अटॅचमेंट जशी गुंडाळून जाते त्याच पद्धतीने पान आणि चित्रं एकाच फाइलमध्ये बांधलेली असतात, याचा नियम १९९९ मध्ये ठरला आणि त्याच वर्षीच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये ही सोय आली. क्रोम आणि एजमध्ये या फाइली उघडतात, फायरफॉक्समध्ये नाही. फायरफॉक्सवाल्यांकडे एकेकाळी स्क्रॅपबुक नावाचं झकास एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची पुरवणी, होतं, नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनं एका रात्रीत बाद झाली. सध्या सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे चालतं आणि माझ्या मते घरगुती वापराला तेच सगळ्यात बरं, कारण ते चित्रांसकट सगळं एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये कोंबतं आणि ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. चित्रं अक्षरांच्या रूपात भरल्यामुळे ती मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगतात, पण हल्लीच्या हार्डडिस्कला त्याचं काय. ॲपलच्या सफारीचा वेबआर्काइव्ह प्रकार ॲपलच्या बाहेर निरुपयोगी.

मोबाइलवर क्रोममध्ये तीन ठिपके दाबले की खाली बाण असलेलं चिन्ह दिसतं, ते दाबलं की पान उतरतं. ट्रेनमध्ये बसायच्या आधी हे करून ठेवणारे बरेच आहेत.

प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करणं ही लोकांची आवडती रीत आणि मराठीसाठी जरा फसवी. छापायला, पाठवायला छान, पण त्यातून मराठी मजकूर कॉपी करून बघा, वेलांटी एकीकडे, जोडाक्षर फुटलेलं, ऱ्हस्व इकार मागच्या अक्षरावर जाऊन बसलेला, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार ज्या क्रमाने मांडते तो क्रम आणि आपण टाइप करतो तो क्रम वेगळा असतो. मग शोधायला गेलं तरी शब्द सापडत नाही, डोळ्याला समोर दिसतोय आणि सर्च म्हणतंय शून्य.

अख्खी साइटच उतरवायची असेल तर डब्ल्यूगेट (१९९६) आणि एचटीट्रॅक (१९९८) ही जुनी फुकट हत्यारं आहेत, लिंकमागून लिंक धरत जातात आणि उतरवलेल्या पानांतल्या लिंका आपल्या डिस्ककडे वळवून ठेवतात. छोट्या साइटवर हे लावताना मधे मधे थांबायची सेटिंग ठेवावी, नाहीतर बिचाऱ्याचा सर्व्हर आपणच बंद पाडायचो. आणि विकिपीडियासाठी यातलं काहीच करू नये, त्यासाठी किविक्स हे नेटशिवाय वाचायचं ॲप आहे, त्यात पूर्ण विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये मिळतो, इंग्रजी चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास, मराठी त्या मानाने अगदी आटोपशीर.

मराठी पानांच्या खास भानगडी

युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेला आकडा देणारी पद्धत, रुळायच्या आधी मराठी पेपरांच्या आणि इतर साइट्सचे आपापले फॉन्ट असायचे, आतला मजकूर म्हणजे खरंतर इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्यांना मराठी दाखवायचा. ती पानं कोणी जपून ठेवली असतील तर फॉन्टशिवाय ती आज नुसती गचडी दिसतात, तेव्हा पानासोबत फॉन्टची फाइल पण जपायला हवी होती हे आता कळून काय उपयोग. युनिकोड पानाचंही कधी असं होतं, प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए आणि मधे मधे चार पायांचं गोल चिन्ह दिसायला लागलं की समजायचं मजकूर शाबूत आहे, ब्राउझरचा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत याचा, अंदाज चुकलाय. फायरफॉक्समध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबलं की बरेचदा सुटतं.

दुसरी भानगड नावांची. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ खुणांचं होतं, म्हणजे 'ठाणे' लिहिलं तर ३६ आणि 'कोपरखैरणे' लिहिलं तर तब्बल ८१. विंडोज साधारणपणे फोल्डरसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांपर्यंतच घेतं, त्यामुळे फोल्डरात फोल्डर करत गेलं आणि आत लिंकवरून पडलेली असली लांब नावं आली की फाइल कॉपीच होत नाही. लिनक्सवर नाव २५५ बाइट्सचं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्सचं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत आटपा. मी आता नाव छोटं ठेवतो, आधी तारीख आणि मग दोन-तीन शब्द.

नावात मूळ साइट लिहायची राहिली तरी फार बिघडत नाही. क्रोमने सेव्ह केलेली एचटीएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अगदी वरच 'सेव्हड फ्रॉम' अशी ओळ आणि पुढे मूळ पत्ता सापडतो, त्याच्या आधी कंसात जो आकडा असतो तो त्या पत्त्यातल्या अक्षरांची संख्या. एमएचटीएमएलमध्ये पत्ता आणि तारीख दोन्ही असतात. वाद झाला की हे उपयोगी पडतं.

नेट बंद करून बघणे

सेव्ह झालं म्हणजे झालं असं समजू नये. हल्लीच्या पानांत चित्रं आपण खाली सरकू तशी येतात, त्यामुळे सेव्ह करायच्या आधी पान तळापर्यंत एकदा फिरवून घ्यावं लागतं, 'अधिक वाचा'चे बटण दाबून मजकूर उलगडावा लागतो. काही पानं तर उघडल्यावर मागून मजकूर मागवतात, ती सेव्ह केली की नुसता सांगाडा येतो, पण नेट चालू असताना तीच फाइल उघडली तर गुपचूप नेटवरून सगळं आणून व्यवस्थित दिसते आणि आपण फसतो. आमच्या सोसायटीच्या कागदपत्रांच्या वेळी मी एका कार्यालयाच्या साइटवरचं सूचनापत्र असंच सेव्ह करून ठेवलं होतं, घरी दोनदा उघडून बघितलं, ठीक. मीटिंगमध्ये काकांना दाखवायला लॅपटॉप उघडला तर सोसायटीच्या ऑफिसात नेट नाही आणि पडद्यावर गोल फिरतंय, तोपर्यंत साइटवरूनही ते पत्र हललेलं. काका म्हणाले, "अरे प्रिंट काढायची होतीस." तेव्हापासून फाइल सेव्ह केली की वायफाय बंद करतो, ती उघडतो, तळापर्यंत जातो आणि मगच मूळ टॅब बंद करतो. लॉगिन करून उघडलेलं पान सेव्ह केलं असेल तर त्यात आपलं नाव, खाते क्रमांक पण उतरतात, ते कोणाला पाठवताना भान ठेवावं.

कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापर, त्यात संशोधनही आलं, यासाठी वाजवी वापराला मुभा आहे. स्वतःपुरतं कात्रण ठेवणं त्यात बसतं, तेच उचलून आपल्या साइटवर चढवणं किंवा पेनड्राइव्हवर भरून विकणं बसत नाही.

ठेवायचं कुठे, तर निदान दोन जागी, आणि दोन्ही जागा एकाच टेबलावर नकोत. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं तेव्हा सीपीयू जमिनीवर होता आणि बॅकअपच्या सीड्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात. आता एक हार्डडिस्क टेबलावर असते आणि दुसरी माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात.