अमेरिकेतला आमदार म्हणजे गडगंज पगार?

‘अमेरिकेत एकदा आमदार झालं की लठ्ठ पगार आणि जन्मभर पेन्शन,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आपल्याकडचे आमदारांचे भत्ते बघता तो खरा वाटणं साहजिकच आहे.

पण तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यू हॅम्पशायरमध्ये दोन वर्षांच्या मुदतीचे मिळून 200 डॉलर. हा आकडा 1889 पासून हललेला नाही. नेब्रास्कात वर्षाला 12,000. पेन्शन या दोन्हीकडे नाही. कॅलिफोर्नियात मात्र पगार वर्षाला लाख डॉलरच्या वर, म्हणजे मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही.

आता कामाचे दिवस बघा. मोंटानाचं नियमित अधिवेशन विषम वर्षीच भरतं, जानेवारीत सुरू होऊन जास्तीत जास्त 90 कामकाजी दिवस चालतं. एरवी खेड्यातला आमदार आपली शेती, गुरं नाहीतर दुकान सांभाळतो. त्यातही फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिथे गायी विण्याचा हंगाम. नेमकं तेव्हाच गुरं घरच्यांवर सोपवून राजधानी हेलेनात मुक्काम!

पडताळायचं तर त्या-त्या राज्याचं संविधान ऑनलाइन आहे. न्यू हॅम्पशायरचं दुसऱ्या भागातलं 15वं कलम उघडा, 200 डॉलर तिथेच लिहिलेत.