ब्युनोस आयर्स ते सँटियागो: अंतर तेच, मग वेळ का बदलतो?

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स आणि चिलीची राजधानी सँटियागो, मध्ये सरळ रेषेत साधारण ११४० किलोमीटर. जेट विमान ताशी ८५० ने जातं धरलं तर ८० मिनिटं झाली, पण तिकिटावर दोन तास किंवा जास्तच दिसतात, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं हे सगळं त्यात येतं. ते समजण्यासारखं आहे. पण सँटियागोला जायला जास्त वेळ लागतो आणि परत यायला कमी, हे कसं काय?

तर वारा. ही दोन्ही शहरं दक्षिण गोलार्धात ३३ ते ३५ अंशांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे रस्ता जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम, आणि नेमकं या पट्ट्यात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यातले सगळ्यात जोरदार झोत म्हणजे जेट स्ट्रीम, तिकडच्या हिवाळ्यात म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये तर फारच जोरात. समजा वारा ताशी १५० आहे. जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग उरला ७००, येताना झाला १०००. म्हणजे जायला ९८ मिनिटं, यायला ६८.

आता वाटेल की जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो. नाही निघत! वारा नसता तर दोन्ही मिळून १६१ मिनिटं लागली असती, वाऱ्यात १६६ लागतात, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो आणि पाठीमागच्या वाऱ्याचा फायदा थोडाच वेळ मिळतो. मला हे गणित फार आवडतं.

पण याच गणिताने माणसं गेली आहेत. विमानातला वेगाचा काटा भोवतालच्या हवेच्या तुलनेत वेग दाखवतो, जमिनीच्या नाही. २ ऑगस्ट १९४७ ला 'स्टार डस्ट' नावाचं ब्रिटिश विमान ११ जणांना घेऊन ब्युनोस आयर्सहून सँटियागोला निघालं, खाली ढग, जमीन दिसेना, आणि जेट स्ट्रीमबद्दल तेव्हा वैमानिकांना फारसं माहीत नव्हतं. घड्याळाच्या हिशोबाने वाटेतला अँडीज पर्वत पार झाला असं समजून बहुधा ते खाली उतरायला लागले, आणि प्रत्यक्षात डोंगर अजून समोरच होता. तुपुंगातो शिखरावर आपटलेलं ते विमान हिमनदीने गिळलं आणि अवशेष सापडायला ५० वर्षं लागली. पुढे १९७२ मध्ये उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंचं विमान मेंडोसाहून सँटियागोला जाताना अँडीजमध्ये पडलं, तिथेही डोंगर ओलांडला असं समजून वैमानिक ढगातच उत्तरेला वळले होते, वेळेआधी. ४५ पैकी १६ जण वाचले.

आता जीपीएस आहे, सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड म्हणजे जमिनीवरचा वेग दिसतो, तो जाताना-येताना नक्की बघा, फरक डोळ्यांनी दिसतो.

तिकीट बघताना अजून एक. अर्जेंटिनाचं घड्याळ वर्षभर तेच असतं, पण तिकडच्या हिवाळ्यात सँटियागोचं एक तास मागे जातं, त्यामुळे तिकिटावरच्या स्थानिक वेळा बघून जायचा प्रवास तासाभराने छोटा वाटतो आणि यायचा मोठा, म्हणजे वारा जे करतो त्याच्या बरोबर उलट. तिकडच्या उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, तेव्हा सरळ वजाबाकी करा.