सर्व्हिसिंगची गाडी न्यायला कोण येणार?

यापुढे सर्व्हिसिंग झालेली दुचाकी १८ वर्षांखालच्या मुलामुलींच्या ताब्यात आम्ही देणार नाही. 'पप्पांनी पाठवलंय' म्हटलं तरी नाही, पप्पांनी स्वतः फोन केला तरी नाही. यावरून काही जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली, म्हणून हे पत्रक छापलं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर दोषी धरतात ते पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. शिवाय मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आमच्या मते सगळ्यात जड शिक्षा हीच. कॉलेज संपून नोकरीला लागलेला मुलगा बसची वाट बघत उभा राहणार. 'मला न विचारता किल्ली घेतली' असं म्हणून सुटका होत नाही, ते कोर्टात पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

'सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की!' मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या दारातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची आहे. बिनलायसन्सची इलेक्ट्रिक गाडी म्हणजे २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग. तिचं 'स्पीड लॉक' काढलं की ही सवलत गेली. ते काढून द्या म्हणून आमच्याकडे मुलं येतात. आम्ही काढत नाही.

लर्निंग लायसन्स आलं म्हणजे मैत्रिणीला मागे बसवून फिरायची परवानगी मिळाली, असं नाही. मागे बसायचंच तर पक्कं लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्यानं. पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते, तेवढ्यात उरकून घ्या.

इन्शुरन्सचंही सांगून ठेवतो. बिनलायसन्सच्या हातून कुणाला लागलं, तर कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. पॉलिसी चालू आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आता गाडीतल्या 'फेरफारां'बद्दल. आरसे काढणं, फटाके वाजवणारा सायलेन्सर बसवणं, नंबर प्लेटवर ४१४१ चं 'दादा' करून देणं, ही कामं आमच्याकडे होणार नाहीत. गाडीत बेकायदा बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरशाला तर मुलांचा का राग असतो, कळत नाही! मागून ट्रक आला हे सांगणारा तो एकटाच.

ब्रेकशू नवे टाकले की मुलांना वाटतं, गाडी जागच्या जागी थांबणार. हिशोब करून बघा. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. पुढचं कुत्रं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच, म्हणजे तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपलं. त्यानंतर ब्रेक लागल्यावरही ६० ची गाडी ४० च्या सव्वादोन पट लांब जाऊन थांबते. पावसात आणि टक्कल पडलेल्या टायरवर आणखी लांब. टायरची नक्षी आम्ही दर सर्व्हिसिंगला दाखवतो, दोन मिनिटं थांबून ती बघत चला.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि त्याचा पट्टा लावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,००० हून अधिक दुचाकीस्वार दगावले. त्यांतले चौदा हजारांवर मागे बसलेले होते, तेव्हा हेल्मेट दोन लागतात.

गाडी न्यायला मोठ्यांपैकी कुणालाच येता येत नसेल, तर सकाळी गाडी लावतानाच सांगा. संध्याकाळी आमचा माणूस घरी आणून देईल. गावात त्याचे पैसे घेत नाही.